झोम्बीवाली 'वर्ल्ड वॉर झेड' वाचायला घेऊ का? भयकथा कधीच न वाचणारीचा प्रश्न

मांजलपूरकर
नमस्कार मंडळी. इथे बडोद्यात आमचा मैत्रिणींचा वाचनाचा ग्रुप आहे, महिन्याला एक पुस्तक ठरवतो आणि कोणाच्या तरी घरी बसून त्यावर बोलतो. आजवर बहुतेक मराठी, मधे मधे गुजराती, इंग्रजी क्वचित. यावेळी एकीने मॅक्स ब्रूक्सची वर्ल्ड वॉर झेड सुचवली, तिच्या मुलाने तिला दिलेली, आणि बाकीच्या सगळ्या लगेच हो म्हणाल्या. मला मात्र प्रश्न पडलाय. मी भुताखेतांचं, रक्ताचं काही वाचत नाही, टीव्हीवर ब्रॅड पिटचा सिनेमा लागला होता तो अर्धाच पाहिला, मुंग्यांसारखी माणसं भिंतीवर चढतात ते बघून उठून गेले. आणि दुसरी गोष्ट म्हणजे २०२१ च्या एप्रिलमध्ये आमच्या घरातलं माणूस गेलं, त्यामुळे साथ, हॉस्पिटल, पळापळ असं काही वाचायचं म्हटलं की आधी मनाची तयारी करावी लागते.

पण ज्यांच्या मतावर माझा विश्वास आहे अशा दोघांनी सांगितलंय की ही कादंबरी वेगळी आहे, घाबरवायला लिहिलेली नाही. म्हणून ज्यांनी खरंच वाचलीय त्यांनाच विचारते. किती रक्तपात आहे, इंग्रजी झेपेल का (मी रोज इंग्रजी वाचणारी नाही, पेपर वाचते तेवढंच), आणि वेळ घालवण्यासारखं आहे का. शेवट सांगू नका प्लीज. माझा मुलगा दहावीत आहे, तोही मागतोय, त्याला द्यावी का तेही सांगा.

दांडियाबाजार_वाचक
ताई, वाचा. सिनेमा डोक्यातून आधी काढून टाका, कारण २०१३ च्या त्या सिनेमाने नाव घेतलं आणि थोडेफार तुकडे घेतले, बाकी पुस्तक तिथे नाहीच. सिनेमात एक हिरो विमानाने देशोदेशी फिरतो आणि झोम्बी, म्हणजे मेल्यावरही उठून माणसांवर येणारी प्रेतं, धावतात. पुस्तकात हिरोच नाही, आणि झोम्बी हळू चालतात, अगदी हळू, कोणीही चालत चालत त्यांच्यापासून लांब जाऊ शकेल इतके. तरी माणसं हरतात. का हरतात हेच सगळं पुस्तक आहे.

कसं लिहिलंय ते सांगतो म्हणजे तुम्हाला ठरवता येईल. पुस्तक २००६ चं. सुरुवात होते तेव्हा झोम्बींशी झालेलं युद्ध संपून काही वर्षं झालेली आहेत. एक माणूस संयुक्त राष्ट्रांच्या कमिशनसाठी जगभर फिरून वाचलेल्यांच्या मुलाखती घेतो, आणि त्याचा रिपोर्ट छापला जातो तेव्हा आकडे राहतात, माणसांचं बोलणं कापलं जातं. मग तो कापलेला भाग तो स्वतः पुस्तक म्हणून काढतो. म्हणजे तुमच्या हातात पडतात त्या मुलाखती, एकामागून एक, चीनमधल्या खेड्यातला डॉक्टर, ब्राझीलमधला सर्जन, इस्रायलचा गुप्तहेर खात्यातला माणूस, अमेरिकेचा साधा शिपाई, जपानचा आंधळा म्हातारा माळी जो नागासाकीत लहानपणी दृष्टी गमावून बसलाय. प्रत्येकाची पाच-दहा पानं आणि पुढचा माणूस. ही पद्धत त्याने कुठून घेतली तर स्टड्स टर्केल नावाचे शिकागोचे रेडिओवाले होते, त्यांनी दुसऱ्या महायुद्धातल्या साध्या माणसांच्या मुलाखतींचं पुस्तक १९८४ मध्ये काढलं होतं, त्याला पुलित्झर मिळालं. ब्रूक्सने स्वतः ते ऋण मान्य केलंय. म्हणून ही कादंबरी वाचताना आपण बनावट काही वाचतोय हे विसरायला होतं.

आणि आपल्यासाठी खास गोष्ट, त्यात अलंग आहे! आपलं भावनगरच्या पुढचं अलंग, जहाजं मोडायचा किनारा. अजय शाह नावाचा माणूस तिथल्या गंजलेल्या सांगाड्यांसमोर उभा राहून सांगतो की लोक जीव घेऊन किनाऱ्याकडे धावले, कारण तिथे जहाजं आहेत हे सगळ्यांना माहीत होतं. पण ती जहाजं मोडायला आलेली ना. किती तरंगतील, किती अर्धी कापलेली, कोण चढवून घेईल, हे त्या गर्दीतल्या कोणाला माहीत असणार. मी लहानपणापासून अलंगच्या रस्त्यावरची दुकानं बघत आलोय, जहाजातून काढलेली कपाटं, बेसिनं, क्रोकरी, आमच्या घरात तिथलं लाकडी टेबल अजून आहे, आणि एका अमेरिकन माणसाने झोम्बीच्या कादंबरीत नेमकी तीच जागा निवडावी याचं मला फार बरं वाटलं. त्याने नकाशावर बोट ठेवून जागा निवडलेली नाही. अलंगला भरतीला जहाज किनाऱ्यावर चढवतात आणि ओहोटीला पाणी पार लांब जातं, १९८३ पासून हे चालू आहे, तिथे पळून गेलेल्या माणसाची कोंडी कशी होईल हे कळायला ती जागा माहीत असावी लागते.

रक्तपाताचं म्हणाल तर आहे, नाही असं नाही. पण रंगवून रंगवून केलेलं नाही, सांगणारा माणूस आठवून सांगतोय, त्यामुळे एक अंतर राहतं.

कारेलीबाग_नाका
माझं मत उलटं आहे आणि ते स्पष्टच मांडतो कारण ग्रुपमध्ये सगळ्यांनी एका पुस्तकावर महिना घालवायचा म्हणजे थोडा विचार व्हायला पाहिजे.

एक तर माणसं लक्षात राहत नाहीत. एवढे लोक येतात आणि जातात, कोणाशी नातं जुळायच्या आत तो गेला. ज्यांना कादंबरीत एका माणसाबरोबर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चालायला आवडतं (माझ्यासारखे) त्यांना हे तुकडे तुकडे वाटणार. दुसरं म्हणजे सगळे एकाच आवाजात बोलतात. चिनी डॉक्टर, दक्षिण आफ्रिकेचा माणूस, अमेरिकन शिपाई, सगळ्यांचं इंग्रजी आतून अमेरिकन. शिव्या बदलतात एवढंच. खरी मुलाखत कशी असते, माणूस अडखळतो, विषय सोडून दुसरीकडे जातो, तीच गोष्ट परत सांगतो. इथे प्रत्येकजण आपापली गोष्ट घोटून आलाय आणि नेमक्या जागी थांबतो.

तिसरं, नाव जगाचं आणि जीव अमेरिकेत. एक अख्खा विभाग अमेरिकेच्या आतल्या कारभारावर आहे. भारत कुठे आहे, एक अलंग, एक हिमालयातला रस्ता, संपलं. इतका मोठा देश, इतकी माणसं, आमची शहरं काय झाली, गावांनी काय केलं, रेल्वेचं काय झालं, काही नाही. अलंगचं नाव आलं म्हणून दादांना आनंद झाला तो मी समजू शकतो, पण अलंगला खरं काम करतात ओडिशाची, बिहारची, यूपीची माणसं, त्यांच्यातला एकजण बोलला असता तर मी मानलं असतं.

आणि विज्ञान. मेलेलं शरीर काही न खाता वर्षानुवर्षं चालतं, समुद्राच्या तळावरून चालत येतं, थंडीत गोठतं आणि उन्हाळ्यात परत उठतं. दहावीतल्या मुलाला विचारा, तो पण मान हलवेल.

रात्रपाळी_सिस्टर
मी नर्स आहे, बडोद्यातच, २०२० आणि २१ दोन्ही वर्षं वॉर्डात होते. ताईंनी घरातलं लिहिलंय म्हणून मी वेगळं सांगते, पुस्तक चांगलं की वाईट ते वरच्या दोघांनी बघावं.

मी हे पुस्तक दुसऱ्या लाटेनंतर बऱ्याच काळाने वाचलं आणि पहिल्या विभागालाच थांबले. त्यात काय आहे तर एक डॉक्टर रात्री एका खेड्यात जातो, पेशंट बघतो, त्याला कळतं की हे काहीतरी भलतंच आहे, तो वर कळवतो, आणि वरून लोक येतात ते त्याला गप्प करायला. मग रोगाला भलतंच नाव पडतं, आफ्रिकन रेबीज, लोकांना वाटतं की लांबच्या कोणाचं तरी दुखणं आहे. मग एक माणूस त्यावर लस म्हणून एक औषध विकतो, जी लस त्या रोगावर नाहीच, आणि लोक ती टोचून निर्धास्त होतात. तो माणूस युद्धानंतर अंटार्क्टिकावर सुखात बसून मुलाखत देतोय आणि त्याला काही वाटत नाही. हे सगळं कोविडच्या चौदा वर्षं आधी लिहिलंय. मी वाचताना पुस्तक खाली ठेवलं आणि घरातल्यांना वाचून दाखवलं. भीती अशी वाटली नाही पण राग खूप आला, आणि त्या रागाने मला जरा मोकळं वाटलं हेही खरं. आम्ही वॉर्डात जे बघत होतो त्याला कोणीतरी शब्द दिले होते.

पण ताई, काही भाग तुम्ही सरळ सोडा. आम्ही नर्सेस असूनही मला ते जड गेले. एक, कॅनडाचा. थंडीत झोम्बी गोठतात म्हणून सगळे उत्तरेला जा असं सांगितलं जातं आणि शहरातली कुटुंबं गाड्या भरभरून निघतात, टीव्ही, व्हिडिओ गेम घेऊन, गरम कपडे पुरेसे नाहीत, मासे पकडायची अक्कल नाही. सुरुवातीला एकमेकांना खाऊ घालतात, शेकोटीभोवती गाणी म्हणतात. हिवाळा वाढतो तसं काय होतं ते मी लिहीत नाही. दुसरा, रशियन सैन्यातल्या बाईचा. तिसरा आणि सगळ्यात वाईट, शेरन नावाच्या मुलीचा, चर्चमध्ये लपलेल्या आया आणि मुलं. ज्यांना मुलं आहेत त्यांनी तो नाही वाचला तरी चालेल, आणि ज्यांनी घरातलं कोणी गमावलंय त्यांनीही. प्रत्येक मुलाखतीच्या वर गावाचं नाव असतं आणि सुरुवातीला सांगणाऱ्याची ओळख, त्यामुळे सोडायचं ठरवलं तर सापडतं लगेच. पुस्तक तुकड्यांचं आहे म्हणून कारेलीबागवाल्या दादांना आवडलं नाही ना, तेच तुमच्यासाठी सोयीचं आहे, मधला तुकडा काढला तरी बाकीचं कोसळत नाही.

आणि रात्री वाचू नका, दुपारी वाचा.

मांजलपूरकर
सिस्टर, हे इतकं नीट सांगितल्याबद्दल खूप आभार. तुम्ही नावं दिलीत म्हणून धीर आला. ते तीन भाग मी मैत्रिणींनाही आधीच कळवते, आमच्यातल्या एकीचा नातू लहान आहे.

कारेलीबाग_नाका दादा, तुमचा मुद्दा एकाच आवाजाचा, तो मला महत्त्वाचा वाटतो, कारण मला माणसांच्या बोलीत फार रस असतो. दांडियाबाजारवाल्यांनी यावर काय म्हणायचंय ते सांगाल का? आणि इंग्रजीचं राहिलं.

दांडियाबाजार_वाचक
सांगतो. आवाज एकसारखा आहे हे मी मानतो, निदान निम्म्या मुलाखतींत. पण मला वाटतं पुस्तकाची ताकद आवाजात नाहीये, कोण बोलतंय आणि काय सांगायचं टाळतंय यात आहे. उदाहरण देतो. व्हाइट हाउसमधला एक बडा माणूस आहे, चीफ ऑफ स्टाफ होता, साथ येतेय हे माहीत असूनही लोकांना घाबरवायचं नाही आणि निवडणुका सांभाळायच्या असं ठरवलेला. तो आता टेक्सासमधल्या अमरिलोला शेण गोळा करायचं काम करतो, इंधनासाठी. मुलाखतभर तो हातातलं काम सोडत नाही आणि प्रत्येक प्रश्नाला उलटा प्रश्न विचारतो की तुम्ही माझ्या जागी काय केलं असतं. एक वाक्य पश्चात्तापाचं नाही. त्याची भाषा अमेरिकन आहेच, असायलाच हवी, पण तो माणूस मी अजून विसरलेलो नाही. हे काम लेखकाने नीट केलंय.

दुसरं यॉंकर्सची लढाई. न्यूयॉर्कच्या जवळ अमेरिकन सैन्य टीव्ही कॅमेऱ्यांसमोर मोठी लढाई करायला उभं राहतं, रणगाडे, रॉकेटं, विमानं, सगळं नवीन. आणि हरतं. का, तर ती सगळी शस्त्रं शत्रूला घाबरवण्यासाठी बनवलेली, आणि हा शत्रू घाबरतच नाही. डोकं फुटलं तरच तो थांबतो, आणि स्फोटाने हातपाय गेले तरी सरपटत येतोच. शिपायांना जड सूट घालून खंदकात बसवलेलं, गोळ्या कमी, कॅमेऱ्यात चांगलं दिसेल असं सगळं. नंतर हेच सैन्य परत उभं राहतं तेव्हा काय करतं ते वाचण्यासारखं आहे, साध्या बंदुका, रांगेत उभं राहायचं, घाई नाही, एकेक गोळी. ब्रूक्स पुढे वेस्ट पॉइंटच्या, म्हणजे अमेरिकन सैन्याच्या अकादमीच्या, मॉडर्न वॉर इन्स्टिट्यूटमध्ये फेलो झाला, म्हणजे सैन्यातल्या लोकांनी त्याचं हे लिहिणं मनावर घेतलं.

विज्ञानाबद्दल कारेलीबागवाल्या भाऊंशी मी वाद घालणार नाही, मेलेलं शरीर चालणार नाही हे उघड आहे. पण लेखकाने एक अशक्य गोष्ट मागून घेतली आणि त्यानंतर सगळं काटेकोर ठेवलं. हळू चालतात तर शेवटपर्यंत हळूच चालतात. गोठतात तर प्रत्येक वसंतात बर्फ वितळला की परत मोहीम काढावी लागते, समुद्रातून येतात तर बंदरं सुरक्षित राहत नाहीत. त्या एका अशक्य गोष्टीतून जगाचा व्यापार, पाणी, अन्न, सरहद्दी, औषधं यांचं काय होईल ते त्याने धरून ठेवलंय.

इंग्रजी: बाकी सगळं सोपं आहे, बोलीभाषा आहे, वाक्यं लहान. फक्त शिपायाच्या भागांत सैन्यातली आद्याक्षरं आणि शिव्या फार येतात. तिथे खाली टीपा दिलेल्या आहेत. नाही कळलं एखादं तर सोडून पुढे जा, काही बिघडत नाही.

सुरसागर_पाळ
इंग्रजी वाचायचा कंटाळा असेल तर ऐका ना! याचं ऑडिओबुक साधं एका माणसाने वाचलेलं नाहीये, प्रत्येक मुलाखतीला वेगळा नट. लेखक स्वतः प्रश्न विचारणारा. शिपायाचा आवाज मार्क हॅमिलचा, सरकारी पुनर्वसनवाल्याचा ॲलन अल्डाचा, आणि तो लसवाला सांगितला ना सिस्टरनी त्याचा आवाज मार्टिन स्कोर्सेसीचा, ऐकताना त्याचा राग येतो इतका चांगला केलाय. फक्त घेताना बघून घ्या, जुनी आवृत्ती कापलेली आहे, २०१३ ला जी आली त्यात आधी गाळलेले बरेच भाग परत घातलेत, तीच घ्या. कारेलीबाग_नाका भाऊ, तुमची एका आवाजाची तक्रार ऐकताना पुष्कळ कमी होईल, खरंच ऐकून बघा. मी पहाटे सयाजीबागेत चालताना ऐकलं सगळं.

मकरपुरा_फिटर
मी जीआयडीसीत (इथली औद्योगिक वसाहत) मशीन शॉपला आहे, मराठी बोर्डवर सहसा लिहीत नाही पण या पुस्तकाबद्दल लिहावंसं वाटतं कारण यात जो भाग मला सगळ्यात आवडला त्याबद्दल वर कोणीच बोललं नाही.

अमेरिकेत उरलेली माणसं रॉकी पर्वतांच्या पश्चिमेला गोळा होतात आणि आता देश चालवायचा आहे. ॲलन अल्डाचा आवाज म्हणाले ना तो हा माणूस, सिंक्लेअर. तो माणसांची यादी काढतो, कोणाला काय येतं. आणि कळतं की बहुतेकांना काहीच येत नाही! वकील, सल्लागार, ऑफिसात बसणारे, सगळ्यांना नवीन कामगार म्हणून खालच्या वर्गात टाकावं लागतं, आणि ज्यांना हाताने काम येतं, सुतार, प्लंबर, गवंडी, शिवणकाम करणारे, ते एकदम शिक्षक होतात. ज्या बाया दुसऱ्यांच्या घरी साफसफाई करत होत्या, बाहेरून आलेल्या, त्या आता आपल्या जुन्या मालकिणींना शिकवतात, भाजी कशी लावायची, फाटलेलं कसं दुरुस्त करायचं. काही मालकिणींना हे सहन होत नाही. आणि मग तो सिंक्लेअर सांगतो की ऑफिसात आयुष्य काढलेली माणसं हाताने काहीतरी बनवायला लागली तेव्हा त्यांना रस्त्यात दुसऱ्याच्या पायातले बूट दिसायचे आणि ती म्हणायची हे मी बनवले. 

हे वाचताना माझ्या डोळ्यात पाणी आलं. आमच्याकडे लेथवर आयुष्य गेलेली माणसं आहेत, हजाराव्या भागाचं माप बोटाने ओळखतात, आणि पोरं त्यांच्याकडे शिकायला येत नाहीत कारण सगळ्यांना एसीत बसायचंय. झोम्बीच्या पुस्तकात कोणीतरी एवढ्या आदराने या कामाबद्दल लिहिलंय हे मला अपेक्षित नव्हतं. त्या एका मुलाखतीसाठी मी हे पुस्तक कोणालाही देईन, दिलंयही, आमच्या सुपरवायझरना दिलं.

आणि अलंगबद्दल कारेलीबागवाले साहेब जे बोलले ते बरोबर आहे, तिथे गॅस कटर धरणारा माणूस बोलायला हवा होता. माझे एक नातेवाईक तिथे भंगाराचा माल घ्यायला जायचे, ते सांगायचे की जहाजाचा कोणता भाग आधी कापायचा, कुठे वायू साठलेला असतो, हे तिथल्या कामगारांनाच कळतं. अशा माणसाला माहीत असणार कोणतं जहाज पाण्यावर राहील आणि कोणतं नाही. ती मुलाखत असती तर फार मोठी झाली असती.

कारेलीबाग_नाका
फिटर साहेब, सिंक्लेअरचा भाग चांगला आहे, ते मान्य करतो. त्यात माणसं दिसतात कारण काम दिसतं. माझं म्हणणं तेवढंच आहे की असे भाग कमी आहेत आणि सैन्य, बंदुका, डावपेच जास्त आहेत. दांडियाबाजारवाल्यांना ते आवडतं, मला कंटाळा येतो.

भारताचं माझं दुःख अजून तसंच आहे. बघा, आपल्याकडे असं घडलेलं आहे. १९९४ च्या सप्टेंबरात सुरतला प्लेग आला तेव्हा लाखो माणसं शहर सोडून निघाली, मिळेल त्या गाडीने, आणि आपलं बडोदं त्याच रेल्वे लाइनवर. आमचे बाबा सांगतात, औषधांच्या दुकानात टेट्रासायक्लिन मिळेना, लोक तोंडाला रुमाल बांधून फिरत होते, सुरतहून पाहुणे येणार म्हटलं की घरात कुजबुज सुरू. सख्ख्या माणसांना दारात उभं ठेवायचं का आत घ्यायचं. हे सगळं त्या लेखकाच्या पुस्तकात महाभयाचा विभाग आहे त्यातलंच आहे, गर्दी, अफवा, रस्ते तुंबणं, आणि आमच्याकडचा तो अनुभव इतका खरा असताना तो त्यात नाही. मला असं वाटतं हे आपल्याकडच्या कोणीतरी लिहावं, मराठीत किंवा गुजरातीत, मुलाखती घेऊन. तशी माणसं अजून आहेत.

म्हणून ताई, वाचलीत तर माझ्या तक्रारी लक्षात ठेवून वाचा, आणि ग्रुपमध्ये हा प्रश्न जरूर काढा की आपल्या शहरात असं झालं असतं तर कोणाची मुलाखत घेतली असती.

रात्रपाळी_सिस्टर
हे कारेलीबागवाल्या दादांनी फार छान सुचवलं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शिरलं तेव्हाचं आठवा, सोसायट्यांमध्ये मगरी, लाइट नाही, खालच्या मजल्यावरच्यांना वरच्यांनी घरात घेतलेलं. आमच्या बिल्डिंगमध्ये ज्यांचं एकमेकांशी वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं त्यांनी एका गॅसवर खिचडी केली. आणि त्याच वेळी दोन गल्ल्या पलीकडे पाण्याची बाटली भलत्या किमतीला विकणारेही होते. दोन्ही प्रकारची माणसं या पुस्तकात आहेत, त्यामुळे तुमच्या ग्रुपला बोलायला खूप मिळेल.

मुलाचं विचारलंत ना, दहावीच्या मुलाला द्यायला हरकत नाही असं मला वाटतं, शिव्या आहेत आणि मी सांगितलेले तीन भाग आहेत, पण तो बाहेर याहून जास्त बघत असेल. फक्त तुम्ही आधी वाचा आणि मग द्या, म्हणजे त्याला काही विचारायचं झालं तर तुम्ही असाल. आणि बोर्डाची परीक्षा झाल्यावर.

सुरसागर_पाळ
एक राहिलं, हिमालयातला भारताचा भाग सोडू नका ताई. सरदार खान म्हणून माणूस सांगतोय, डोंगरातल्या अरुंद रस्त्यावरून लोकांची रांग चाललीय आणि मागून झोम्बी येतायत आणि रस्ता उडवायचाय. जनरल राज सिंग त्यात आहे. थोडीच पानं आहेत. कारेलीबागवाले भाऊ म्हणतात तसं भारताला जागा कमी दिलीय पण जी दिलीय ती चांगली वापरलीय, मी तो भाग चालताना ऐकला आणि एका बाकावर बसून राहिलो.

मांजलपूरकर
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं. ठरलं, वाचते. आज संध्याकाळी मैत्रिणींना फोन करून सिस्टरनी सांगितलेले तीन भाग कळवले, दोघी म्हणाल्या आम्ही ते सोडणार, एक म्हणाली मी सगळं वाचणार, ज्याची त्याची इच्छा. मी स्वतः आधी अलंग वाचणार आहे, मग सिंक्लेअर, आणि मग पहिल्या पानापासून. क्रम मोडला तर चालेल ना, कोणीतरी एवढं सांगा. ऑडिओ मुलाकडून फोनवर घालून घेते, शिपायाचे भाग ऐकेन आणि बाकीचं वाचेन.

कारेलीबाग_नाका दादा, तुमचा प्रश्न मी ग्रुपमध्ये मांडला आणि वाचायच्या आधीच त्यावर अर्धा तास बोलणं झालं. आमच्यातल्या एकीचं माहेर सुरतचं आहे, ९४ ला ती तिथेच होती आणि तिने आजवर आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. ती म्हणाली बैठकीला मी त्याबद्दल बोलेन. तुमच्या बाबांना आठवत असेल ते तुम्ही इथे लिहाल का, मी तिला वाचून दाखवेन.

फिटर दादा, तुमच्या नातेवाइकांकडून अलंगच्या कामाबद्दल अजून काही कळलं तर तेही लिहा.

आणि एक विनंती, आमच्यात सध्या पुस्तकाची एकच प्रत फिरतेय. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात उद्या जाऊन विचारणारच आहे, पण बडोद्यात कोणाकडे असेल आणि महिनाभर द्यायची तयारी असेल तर मला निरोप पाठवा, मी येऊन घेऊन जाईन आणि कव्हर घालून परत करेन.

दांडियाबाजार_वाचक
क्रम मोडला तर चालेल, फक्त प्रस्तावना आधी वाचा, दोन-चार पानांची आहे. नाहीतर मुलाखती घेणारा कोण आणि का घेतोय ते कळणार नाही. माझी प्रत आहे, समासात पेन्सिलने लिहिलेलं आहे ते चालणार असेल तर घेऊन जा. निरोप पाठवतोय.